प्रॉडक्ट ओनरचा सराव: शाळा कोर्सची, परीक्षा दूध संस्थेची

कोल्हापुरातल्या आयटी कंपन्यांत प्रॉडक्ट ओनरचं, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये काय बनवायचं आणि कुठल्या क्रमाने हे ठरवणाऱ्याचं, पद बहुधा जो हाताशी असेल त्याच्या गळ्यात पडतं. क्लायंटशी न अडखळता बोलणारी टेस्टर, सपोर्टमध्ये वर्षानुवर्षं काढल्यामुळे सगळे स्क्रीन तोंडपाठ असलेला मुलगा, नाहीतर रिक्वायरमेंटची डॉक्युमेंटं लिहिणारा बिझनेस अ‍ॅनालिस्ट. सोमवारी ईमेलच्या सहीखाली नवं पद येतं, दोन दिवसांचा कोर्स होतो, लिंक्डइनवर बॅज लागतो आणि जिरामध्ये (कामांची नोंद ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) तिकिटं भरायचं जुनंच काम पुढे चालू राहतं. बदल इतकाच, की आता रिलीज लांबली की फोन त्याला येतो.

कोर्स वाईट नसतो. दोन दिवसांत शब्द कळतात, चौकट कळते. पण या पदाचं खरं काम निर्णय घ्यायचं आहे. पुढचे दोन आठवडे सहा-सात माणसांची मेहनत कशावर लावायची आणि कशावर अजिबात लावायची नाही, हे एकट्याने ठरवायचं आणि त्याचं उत्तरही द्यायचं. ही सवय स्लाइड बघून लागत नाही. तिला खरं प्रॉडक्ट लागतं, खरे वापरणारे लागतात आणि आकडा चुकला की दारात येऊन भांडणारं कुणीतरी लागतं. ते शोधायला आपल्याला पुण्याला जायला नको. कुठल्याही गावातली प्राथमिक दूध संस्था पुरते. उद्यमनगरातल्या फाउंड्रीचं जॉबवर्क चलन किंवा मार्केट यार्डातले गुळाचे सौदे घेतले तरी चालतील, पण दूध संस्था सगळ्यांत सोयीची: रोज दोन वेळा काम चालतं, वापरणारे सगळ्या वयांचे, आणि प्रत्येक एंट्रीमागे कुणाचे तरी पैसे. पुढची सगळी उदाहरणं तिच्याच संकलन ॲपची घेतो.

चौकटीबद्दल थोडक्यात. तिचं नाव स्क्रम: टीम स्प्रिंट नावाच्या छोट्या, ठरलेल्या मुदतीच्या टप्प्यांत काम करते. स्क्रम गाइडची सध्याची आवृत्ती नोव्हेंबर २०२० ची, केन श्वाबर आणि जेफ सदरलँड यांची. फुकट मिळते आणि एका बैठकीत वाचून होते. प्रॉडक्ट ओनरवरचा भाग जेमतेम पानभर, पण तो सावकाश वाचावा. प्रॉडक्ट गोल (प्रॉडक्टने गाठायचं उद्दिष्ट) ठरवून सगळ्यांना नीट सांगणं, बॅकलॉगमधल्या, म्हणजे करायच्या कामांच्या यादीतल्या, गोष्टी लिहिणं, त्यांचा क्रम लावणं, आणि बॅकलॉग कुणालाही उघडून समजेल असा ठेवणं, ही त्याची कामं. ती दुसऱ्याकडून करून घेता येतात, जबाबदारी मात्र दुसऱ्यावर ढकलता येत नाही. स्प्रिंट मधेच रद्द करायचा अधिकार फक्त त्याचा, तोही स्प्रिंट गोलच (त्या टप्प्याचं उद्दिष्टच) कालबाह्य झाला तर. आणि प्रॉडक्ट ओनर म्हणजे एक व्यक्ती, समिती नाही. आपल्याकडे सगळ्यांत जास्त मोडलं जातं ते हेच. मालक, डिलिव्हरी हेड, क्लायंटचा मॅनेजर आणि सेल्सवाला असे चौघे मिळून क्रम लावतात, प्रॉडक्ट ओनर त्या मीटिंगचे मिनिट्स लिहितो.

संकलनाच्या वेळी उभं राहून

सकाळची दोन संकलनं आणि संध्याकाळचं एक, एवढं तरी उभं राहून बघा. शहराच्या कडेला वडणगे, पाचगाव कुठेही जा, सचिवांना आदल्या दिवशी फोन करून. वही न्या. मोबाइलवर शूटिंग सुरू केलंत की माणसं वेगळी वागायला लागतात.

दिसतं ते असं. किटलीतलं दूध मोजलं जातं, सॅम्पल काढून मशीनला लागतं, संकलन करणारा सभासदाचा कोड टाकतो, म्हैस की गाय ते निवडतो, आणि लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले घन घटक), दर, रक्कम असे आकडे पावतीवर येतात. एकेका माणसाला मिनिटभरात मोकळं करावं लागतं, कारण मागे रांग असते आणि दूध संघाची गाडी यायची वेळ ठरलेली असते. आता चुका कुठे होतात ते बघा. ओल्या हाताने ४१ च्या जागी १४ दाबलं जातं. शेजारणीची किटलीही एकजणच घेऊन येतो आणि दोन्ही एंट्र्या एकाच कोडवर पडतात. लाइट जाते. आधीच्या एंट्रीवर ‘गाय’ निवडलेलं तसंच राहतं आणि पुढच्याचं म्हशीचं दूध गाईच्या दराने लागतं. ही शेवटची चूक संकलन करणाऱ्याची म्हणून सांगतात. ती स्क्रीनची आहे. सभासदाचा कोड टाकला की त्याने कालच्या वेळी काय घातलं होतं ते स्क्रीनने स्वतः धरायला हवं.

“तुम्हाला ॲपमध्ये काय काय पाहिजे?” हा प्रश्न विचारू नका. हमखास एक लांबलचक यादी मिळते, आणि ती शेजारच्या संस्थेत कुणीतरी बघितलेल्या ॲपची असते. त्यापेक्षा विचारा, “गेल्या बिलात कुणाचं काय चुकलं होतं? मग तुम्ही काय केलंत?” सचिव सांगतील, “त्या म्हातारीचा एका वेळचा हिशेब लागंना. वही काढली, पावत्या जुळवल्या, दुपार गेली बघा.” एवढ्या उत्तरात त्रास कुणाला झाला, किंमत कुणी मोजली आणि सध्या काम कशावर भागतंय, हे तिन्ही आलं. अशी आठ-दहा उत्तरं जमली की बॅकलॉगचा वरचा भाग आपोआप दिसायला लागतो.

आणखी एक जाणवेल: प्रत्येकाला वेगळं हवं असतं. सभासदाला आकडे दिसायला हवेत. सचिवाला भांडणं कमी हवीत. संकलन करणाऱ्याला बटणं कमी हवीत. चेअरमनना उघडल्या उघडल्या स्वतःचा फोटो हवा असतो, आणि हे हसण्यावारी नेऊ नका, कारण पैसे मंजूर करणारे तेच आहेत. या सगळ्यांच्या वरचढ एक गोष्ट ठरवावी लागते. तिलाच प्रॉडक्ट गोल म्हणायचं.

‘दूध संस्थेसाठी अत्याधुनिक, सर्वसमावेशक डिजिटल प्रणाली’ हा प्रॉडक्ट गोल नाही, तो फ्लेक्स आहे. ‘सभासदाला प्रत्येक वेळच्या दुधाचा हिशेब त्याच वेळी मोबाइलवर मिळावा आणि बिलावरच्या तक्रारी निम्म्यावर याव्यात’ हा गोल चालेल, कारण तो धरून एखादी मागणी नाकारता येते. फक्त निम्म्यावर म्हणजे किती, ते आधी माहीत हवं. म्हणून काम सुरू करण्याआधी लागोपाठ तीन बिलांच्या तक्रारी सचिवांकडून वहीत लिहून घ्या: तारीख, कोड, काय चुकलं, निस्तरायला किती वेळ गेला. महिनाभराचं काम आहे, कंटाळवाणं आहे, आणि नव्वद टक्के लोक इथेच गळतात असं म्हणायचा मोह होतो, पण आकडा राहू दे. मुद्दा असा, की हा आधीचा आकडा नसेल तर सहा महिन्यांनी ॲप उपयोगी पडलं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही.

एक स्टोरी, अगदी जवळून

यूजर स्टोरीचा, म्हणजे वापरणाऱ्याच्या बाजूने लिहिलेल्या छोट्या मागणीचा, साचा सगळ्यांना पाठ असतो: अमुक म्हणून मला तमुक हवं, म्हणजे ढमुक होईल. बिल वेक यांनी २००३ मध्ये मांडलेली चांगल्या स्टोरीची ‘इन्व्हेस्ट’ ही सहा लक्षणंही कोर्समध्ये होतात: स्वतंत्र, बोलून बदलता येणारी, मोलाची, अंदाज बांधता येणारी, छोटी, तपासता येणारी. तरीही बॅकलॉग उघडला की ‘डेव्हलपर म्हणून मला सभासदांचं टेबल बनवायचं आहे’ असं दिसतं. साचा बरोबर, माल चुकीचा. डेव्हलपरला टेबल लागतं ते खरं, पण ते काम स्टोरीच्या पोटात येतं. सभासदाला टेबलाने काही मिळत नाही.

साच्यापेक्षा महत्त्वाचे आहेत ॲक्सेप्टन्स क्रायटेरिया, म्हणजे काम पूर्ण झालं हे ठरवायच्या अटी, आणि ते नीट लिहिणं हाच सरावाचा सगळ्यांत कसदार भाग. एक स्टोरी घेऊ: ‘सभासद म्हणून मला पावतीवर एसएनएफ दिसावा, म्हणजे दर कसा लागला ते कळेल.’ डेमोत ही पाच मिनिटांची गोष्ट वाटते.

मशीन थेट एसएनएफ देत नसेल तिथे तो लॅक्टोमीटरच्या रीडिंगवरून काढतात. दूध गरम असलं की रीडिंग कमी येतं, म्हणून ते तापमानाप्रमाणे दुरुस्त करून सीएलआर धरतात. पुढचं सूत्र सीएलआरला चारने भागून त्यात फॅटचा काही भाग आणि एक स्थिरांक मिळवायचा, असं. पण स्थिरांक सगळीकडे एकच नाहीत. फॅट ६.५ आणि सीएलआर २८ घ्या. ०.२५ गुणिले फॅट अधिक ०.४४ हे सूत्र वापरलं तर ७ + १.६२५ + ०.४४, म्हणजे ९.०६५. ०.२२ गुणिले फॅट अधिक ०.७२ वापरलं तर ७ + १.४३ + ०.७२, म्हणजे ९.१५. आता पावतीवर एकच दशांश छापायचा आहे. पहिल्या सूत्रात पुढचे अंक तोडले तर ९.०, जवळच्या अंकाला नेलं तर ९.१. दुसऱ्यात तोडले तर ९.१, वर नेलं तर ९.२. एकाच दुधाचे तीन एसएनएफ! आणि दरपत्रकात एसएनएफच्या प्रत्येक ०.१ ला दर बदलतो.

डेव्हलपरला हे कुणी सांगितलं नाही तर तो जवळच्या अंकाला नेणारं फंक्शन वापरणार, कारण ते हाताशी असतं. संस्था आजवर अंक तोडत आली असेल, तर पहिल्याच बिलात संस्थेचा आणि संघाचा हिशेब जुळणार नाही आणि ॲपवरचा विश्वास उडेल. म्हणून क्रायटेरिया आकड्यांतच लिहायचे. असे:

म्हैस, फॅट ६.५, सीएलआर २८, संस्थेचं सूत्र ०.२५ आणि ०.४४, अंक तोडायचे, अशी स्थिती असताना एंट्री जतन केली, तर पावतीवर एसएनएफ ९.० आणि दरपत्रकातला ६.५ व ९.० च्या चौकटीतला दर यावा.
फॅट १५ पेक्षा जास्त टाइप झालं, तर एंट्री थांबावी आणि आकडा पुन्हा विचारावा. (बहुतेक वेळा ६.५ टाकताना दशांश चिन्ह राहिलेलं असतं आणि ६५ झालेलं असतं.)
सीएलआर रिकामा असेल तर शून्य धरू नये, एंट्री जतनच होऊ नये.
नवं दरपत्रक १६ तारखेच्या सकाळपासून लागू असेल, तर १५ च्या संध्याकाळची दुरुस्ती १७ ला केली तरी जुनाच दर लागावा.

चौथा मुद्दा कुणालाच आधी सुचत नाही. तो सचिवांशी बोलूनच निघतो. रॉन जेफ्रीज यांनी २००१ मध्ये कार्ड, संवाद आणि खात्री अशी स्टोरीची तीन अंगं सांगितली, त्यातल्या संवादाची जागा हीच. आजकाल एआयकडून स्टोऱ्या लिहून घेतात. त्या दिसायला फार नीटनेटक्या असतात, आणि त्यांना अंक तोडायचे की वर न्यायचे हे ठाऊक नसतं. टायपिंग वाचवायला जरूर वापरा, पण सूत्र कुठलं हे सचिवांनाच विचारा.

दुसरा तितकाच फसवा शब्दप्रयोग म्हणजे ‘दहा दिवसांचं बिल’. जिथे बिल १ ते १०, ११ ते २० आणि २१ ते महिनाअखेर असं निघतं, तिथे शेवटचं बिल फेब्रुवारीत ८ दिवसांचंही असतं आणि ३१ च्या महिन्यात ११ दिवसांचंही. कोडमध्ये कुणी सरळ दहा दिवस मोजले, तर ३१ तारखेचं दूध हवेत जातं. टेस्टिंग जूनमध्ये झालं तर ही चूक सापडतच नाही, कारण जून ३० चा.

तुकडे आणि क्रम

‘बिल’ ही स्टोरी एका स्प्रिंटमध्ये मावत नाही. नवशिक्या प्रॉडक्ट ओनर तिचे स्क्रीन, एपीआय आणि डेटाबेस असे तीन तुकडे करतो. पहिले दोन तुकडे पूर्ण झाले तरी सचिवांच्या हातात काहीच पडत नाही, आणि तिसऱ्यात सगळं फिसकटतं. तुकडे उभे पाडायचे, प्रत्येकात थोडा स्क्रीन, थोडा हिशेब, थोडा डेटा. पहिला तुकडा: फक्त म्हशीचं दूध, एकच दरपत्रक, कपात नाही, बेरीज करून बिल स्क्रीनवर. दुसरा: गाय. तिसरा: गोळी पेंडीची उधारी आणि उचल यांची कपात. चौथा: कपात बिलापेक्षा जास्त झाली तर बाकी पुढच्या बिलात ओढणं. पाचवा: बिल वाटल्यावर सापडलेल्या चुकीची दुरुस्ती. पहिल्या तुकड्यानंतरच सचिवांना जुन्या वहीतलं एक खरं बिल त्यात टाकून ताडून बघता येतं. छपाई मी मुद्दाम शेवटाला टाकेन. लोक ती पहिली मागतात, पण चुकीचं बिल सुबक छापून उपयोग काय?

क्रम लावताना ‘हाय, मीडियम, लो’ हे रकाने जिरातून काढून टाकलेत तरी चालेल. चाळीस गोष्टींपैकी तीस ‘हाय’ असल्या की क्रम लावलाच नाही असा अर्थ. मॉस्को पद्धतीचंही (कामं ‘मस्ट’, ‘शुड’, ‘कुड’, ‘वोन्ट’ अशी वाटायची) असंच होतं: डाय क्लेग यांनी १९९४ मध्ये ती आणली, आणि डीएसडीएम या कार्यपद्धतीत ‘मस्ट’ची मेहनत एकूण मेहनतीच्या ६० टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नये असा दंडक आहे. ‘मस्ट’ सगळे शिकतात, दंडक कुणी शिकत नाही. साधा नियम असा, की बॅकलॉगमध्ये पहिल्या क्रमांकावर एकच गोष्ट, दुसऱ्यावर एकच. बरोबरी नाही. वरच्या पंधरा-वीस गोष्टींनाच हा नियम लावा, खालच्यांवर वेळ घालवू नका.

अडलं तर उशिराची किंमत (काम लांबलं तर होणारं नुकसान) भागिले कामाचा आकार करून बघा. दोन्ही आकडे आपापसांतल्या तुलनेचे, १, २, ३, ५, ८, १३, २० अशा पायऱ्यांतले. प्रत्येक वेळचा एसएमएस: उशिराची किंमत ८, आकार २, उत्तर ४. चेअरमनचा डॅशबोर्ड: ५ भागिले ५, उत्तर १. दिवाळीआधी सभासदांना वाटायच्या दूध दर फरकाचा हिशेब: जूनमध्ये उशिराची किंमत ३, आकार ८, उत्तर ०.४ च्या आत. तोच सप्टेंबरात २० भागिले ८, म्हणजे २.५. काम तेच, किंमत पंचांगाने बदलली. अशा तारखेला बांधलेल्या कामाचं उलटं गणित करावं लागतं. वाटपाआधी जुन्या पद्धतीने एकदा हिशेब करून दोन्ही ताडायला दोन आठवडे, त्यात निघालेल्या चुकांना दोन आठवडे, मूळ कामाला एक-दोन स्प्रिंट. म्हणजे ऑगस्ट संपायच्या आत हात घालावाच लागतो. दिवाळीनंतर हे काम फुकट मिळालं तरी कुणी घेणार नाही.

एसएमएसचं काम आकाराने २ धरलं खरं, पण त्यातही मेख आहे. रोमन लिपीतल्या एका एसएमएसमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरी आली की मर्यादा ७० वर येते, आणि काना-मात्राही त्यात मोजल्या जातात. मजकूर लांबला की एका संदेशाचे दोन होतात आणि खर्च दुप्पट. शिवाय आपल्याकडे असे संदेश पाठवायचे तर मजकुराचा साचा डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांच्या नोंदणी मंचावर) आधी नोंदवून मंजूर करून घ्यावा लागतो, पुढे त्यातला शब्द बदलला तरी पुन्हा मंजुरी. म्हणजे मजकूर काय हा प्रश्न डेव्हलपरने कोड लिहिताना सोडवायचा नाही. तो प्रॉडक्ट ओनरने स्प्रिंटच्या आधी, सभासदांना कागदावर छापून दाखवून, सोडवून ठेवायचा. म्हातारा माणूस चष्मा न लावता काय वाचू शकतो, हे कागदावर लगेच कळतं.

नाही म्हणायची तालीम

आपल्याकडे तोंडावर ‘नाही’ म्हणणं जड जातं. मग “करू की”, “बघतो”, “पुढच्या वेळी घेऊ” असं म्हणून वेळ मारून नेली जाते. समोरचा तो शब्द धरून बसतो, आणि महिन्याने तोच मालकांकडे जातो. त्यापेक्षा बॅकलॉग उघडून समोर ठेवा आणि विचारा, “साहेब, हे घेतो. वरच्या पाचांतलं कुठलं खाली नेऊ?” बहुतेक मागण्या इथेच थंडावतात. ज्या थंडावत नाहीत त्यांच्यात काहीतरी तथ्य असतं, त्यांचं नीट ऐका. मागणी नाकारलीच तर कारण प्रॉडक्ट गोलच्या भाषेत द्यायचं आणि ते तिकिटावर तारखेसह लिहायचं. ‘टीमला वेळ नाही’ हे कारण कधीही देऊ नका. उद्या कुणीतरी दोन माणसं वाढवून देईल आणि नको असलेलं काम करावंच लागेल.

ज्यांची टीम इथे आणि प्रॉडक्ट ओनर परदेशात, त्यांचं दुखणं वेगळं. कोल्हापुरातला माणूस प्रॉक्सी असतो: प्रश्न इकडून तिकडे, उत्तर तिकडून इकडे. न्यूयॉर्कला सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात. म्हणजे सकाळी दहाला पडलेल्या प्रश्नाचा अख्खा दिवस जातो. यावर रात्री जागणं हा उपाय नव्हे. पहिल्याच आठवड्यात क्लायंटकडून तीन याद्या लेखी घ्या: इथे न विचारता ठरवायच्या गोष्टी, ठरवून नंतर कळवायच्या, आणि विचारल्याशिवाय हात न लावायच्या. चुकीच्या संदेशाचा मजकूर, रकान्यांचा क्रम, यादीत किती नोंदी दाखवायच्या, असलं सगळं पहिल्या यादीत बसतं. पैशांचा हिशेब आणि कायद्याचा संबंध तिसऱ्यात. दर महिन्याला दुसऱ्या यादीतल्या दोन-तीन गोष्टी पहिल्यात सरकवून मागा. अधिकार कुणी आपण होऊन देत नाही, आधीच्या निर्णयांची नोंद दाखवली की देतात.

स्प्रिंटच्या गणिताचं फार कौतुक नको, पण आकडे माहीत असावेत. एक महिन्याच्या स्प्रिंटला प्लॅनिंग जास्तीत जास्त ८ तास, रिव्ह्यू (झालेलं काम दाखवणं) ४, रेट्रोस्पेक्टिव्ह (कामाची पद्धत तपासणं) ३, आणि डेली स्क्रम ही टीमची बैठक रोज १५ मिनिटं. दोन आठवड्यांच्या स्प्रिंटला साधारण निम्मं धरतात. रिफाइनमेंटला (पुढची कामं फोडून स्पष्ट करायला) टीमच्या क्षमतेच्या १० टक्क्यांपर्यंत वेळ लागतो असं जुन्या गाइडमध्ये होतं, २०२० मध्ये ते काढलं, तरी अंदाजाला आकडा बरा आहे. सहा डेव्हलपर, दहा दिवस, रोज सहा खरे तास: ३६० तास. त्याचे दहा टक्के ३६, म्हणजे माणशी सहा तास. दीड-दीड तासाच्या दोन बैठका आणि उरलेले तास दोघा-तिघांच्या बोलण्यात. दीड ते दोन स्प्रिंट पुरेल इतकं काम तयार ठेवा. त्याहून जास्त तयार केलेलं शिळं होतं, दरपत्रक बदललं की पुन्हा लिहावं लागतं.

स्प्रिंट चालू असताना प्रॉडक्ट ओनर गायब असेल तर डेव्हलपर अंदाज करतो. त्याचा दोष नाही, त्याला संध्याकाळपर्यंत कोड द्यायचा असतो. दोन तासांत उत्तर मिळेल अशी सोय ठेवा. आणि झालेलं काम त्याच दिवशी बघा. रिव्ह्यूमध्येच पहिल्यांदा बघणारा प्रॉडक्ट ओनर पाहुण्यांसमोर स्वतःच्या टीमला तोंडघशी पाडतो. रिव्ह्यूत लॅपटॉप डेव्हलपरकडे नको. फोन सचिवांच्या हातात द्या, “आज सकाळची एंट्री करून दाखवा” म्हणा आणि गप्प बसा. ते जिथे अडखळतात तिथे मदतीला धावू नका, लिहून घ्या.

सराव कसा बसवायचा

एकट्याने होत नाही. चार-पाच जणांचा गट करा, त्यात किमान एक डेव्हलपर आणि एक टेस्टर असावा. सगळेच होऊ घातलेले प्रॉडक्ट ओनर असले की एकमेकांना छान छान म्हणत राहतात. आठ शनिवार पुरतात. पहिले दोन संस्थेत बघण्यात आणि प्रॉडक्ट गोल लिहिण्यात. पुढचे दोन स्टोऱ्यांवर: प्रत्येकाने पाच आणायच्या, टेस्टरला प्रत्येक स्टोरी फोडायला दहा मिनिटं द्यायची. तीनपेक्षा जास्त प्रश्नांना “विचारून सांगतो” असं उत्तर आलं तर ती स्टोरी परत. पाचवा शनिवार क्रमाचा, वीस कार्डं टेबलावर, एकाखाली एक, बरोबरी बंद. सहावा नाही म्हणायचा: एकाने चेअरमन व्हायचं, एकाने सेल्सवाला, आणि दोघांनी मिळून जोर लावायचा. पहिल्या फेरीत सगळे मान डोलावतात, तिसऱ्या फेरीपर्यंत आवाज सापडतो. उरलेल्या दोन शनिवारांत कागदी स्क्रीन आणि छापलेले एसएमएस घेऊन संस्थेत परत जायचं. कोडची एक ओळही लिहायची गरज नाही.

सर्टिफिकेट या आठ शनिवारांनंतर. तेव्हा परीक्षेतले प्रश्न पाठांतराचे न वाटता ओळखीचे वाटतात. स्क्रम डॉट ऑर्गच्या पीएसपीओ वन या परीक्षेला ६० मिनिटांत ८० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला ८५ टक्के, फी २०० डॉलर, कोर्सची सक्ती नाही आणि मुदतही संपत नाही. ४५ सेकंदांना एक प्रश्न पडतो, म्हणून गाइड उघडून शोधत बसायला वेळ नसतो. त्यांची फुकटची प्रॉडक्ट ओनर ओपन चाचणी आधी लागोपाठ पैकीच्या पैकी येईपर्यंत देत राहा. स्क्रम अलायन्स या दुसऱ्या संस्थेच्या सीएसपीओ सर्टिफिकेटला परीक्षा नाही, पण मान्यताप्राप्त प्रशिक्षकाचा कोर्स करावाच लागतो, आणि दर दोन वर्षांनी २० एसईयू (शिकण्यासाठी मिळणारे गुण) मिळवून व १०० डॉलर भरून नूतनीकरण. पैसे खिशातून जाणार असतील तर पहिलं घ्या. कंपनी भरत असेल तर दुसरं घ्या, पण वर्गात जाताना आपल्या संस्थेचा बॅकलॉग सोबत न्या आणि प्रशिक्षकाकडून तो फाडून घ्या.